उत्पन्नाचा रकाना आणि आपला कार्यकर्ता

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

संयोजकांनी मला ‘सामाजिक सुरक्षा आणि कार्यकर्त्याची जबाबदारी’ असा विषय दिला आहे. विषय भारदस्त आहे आणि त्यावर तासभर ऐसपैस बोलणे मुळीच अवघड नाही. आपल्याकडे तशी प्रथाही आहे. परंतु आज मी माझ्या घरात घडलेल्या एका प्रसंगापासून सुरुवात करणार आहे. त्यात माझी भूमिका फारशी अभिमानास्पद नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माणसांची आणि वस्तीची नावे मी घेणार नाही.

२०१८ सालच्या पावसाळ्यात माझा एक चुलतभाऊ टंकलिखित तक्रारअर्ज घेऊन माझ्याकडे आला. अर्जाच्या दोन प्रती होत्या. एक निराधार योजनांचे काम पाहणाऱ्या तहसीलदारांच्या नावे, दुसरी झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या नावे. तक्रार होती ती आमच्या सख्ख्या आत्याविरुद्ध. आत्या त्या वेळी एकाहत्तर वर्षांची होती. तिने पुनर्वसनात मिळालेले घर बेकायदा भाड्याने दिले आहे, ती स्वतः मुलीकडे राहते, भाड्याचे उत्पन्न दडवून श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन घेते आणि अशा रीतीने शासनाची दुहेरी फसवणूक करते, असा मजकूर होता. ‘तुझी सही असली की अर्जाला वजन येईल,’ असे तो म्हणाला. तोही चळवळीत वाढलेला, सभेत सतरंज्या घालण्यापासून काम केलेला मुलगा. ‘सार्वजनिक पैशाच्या बाबतीत नातेगोते पाहायचे नाही, हे तूच आम्हांला शिकवलेस ना?’ असा त्याचा प्रश्न होता. घराच्या वारसाचा वादही कुटुंबात त्याच सुमारास उपस्थित झाला होता, हे येथे नमूद केले पाहिजे. पण तक्रार करणाऱ्याचा हेतू अशुद्ध असला म्हणून तक्रारीतील मजकूर खोटा ठरत नाही. हा न्याय आपण कारखान्यात आणि पंचायतीत लावतो. घरात तो सोडून देता येणार नाही.

आता थोडी पार्श्वभूमी. आत्याचे यजमान गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्या संपातून जे हजारो कामगार पुन्हा साच्यापुढे उभे राहू शकले नाहीत, त्यांपैकी ते एक. झोपडी मात्र जुनी होती. १९७६ साली मुंबईतील झोपड्यांची गणना झाली तेव्हाचा फोटोपास त्यांच्यापाशी होता आणि आत्याने तो पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या शालूखाली जपून ठेवला होता. यजमान १९९८ साली गेले. पुढे वस्तीवर पुनर्वसन योजना आली आणि २०११ साली आत्याला सातव्या मजल्यावर २२५ चौरस फुटांचे घर मिळाले. ते घर दहा वर्षांपर्यंत विकता, बक्षीस देता वा भाड्याने देता येणार नाही, असे बंधन तेव्हाच्या कायद्यात होते. २०१२ साली तिला पासष्टावे वर्ष लागले. श्रावणबाळ योजनेची वयाची अट पासष्टची, म्हणून आपल्या शाखेने घेतलेल्या अर्ज भरण्याच्या शिबिरात तिचाही अर्ज भरला गेला. महिना ६०० रुपये मंजूर झाले.

मी चुलतभावाला म्हटले, ‘सही करण्याआधी मी तिला भेटतो.’ तो नाराज झाला. आरोपीला आधी सावध करणे हे त्याला पक्षपाताचे वाटले. मला ते तसे वाटले नाही आणि आजही वाटत नाही. आपण पोलीस नव्हे. ज्याच्यावर संशय आहे त्याचे म्हणणे ऐकण्यापूर्वी त्याच्याविरुद्ध कागद पाठवायचा नाही, ही किमान सभ्यता आहे. मग तो माणूस आपला असो वा परका.

आत्याची मुलगी नालासोपाऱ्याला राहते. मी गेलो तेव्हा आत्या तांदूळ निवडीत बसली होती. मी आडवळण न घेता विचारले. तिनेही काही लपवले नाही. घर २०१५ सालापासून भाड्याने दिलेले होते, भाडे ११,००० रुपये होते, भाडेकरू एक टॅक्सीचालक, त्याची बायको आणि शाळेत जाणारी दोन मुले. म्हणजे तक्रारीतील मजकूर अक्षरशः खरा होता.

‘का दिलेस गं?’ मी विचारले.

‘अरे, सात मजले चढून दाखव तू मला,’ ती म्हणाली. ‘लिफ्ट दीड वर्षं बंद. गुडघे हे असे. पाणी, बाजार, दवाखाना, सगळं खाली. दोनदा जिन्यातच बसून राहिले, शेजारच्या पोराने उचलून वर नेली. मग म्हटलं, बंद घराला कुलूप घालून मेंटेनन्स भरत बसू काय?’

साथींनो, येथे थोडे थांबतो, कारण हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. १९९५ नंतर मुंबईत ‘मोफत घरे’ या घोषणेखाली जी व्यवस्था उभी राहिली तिचे सूत्र असे, की खासगी विकासकाने झोपडपट्टीच्या जमिनीवर खुल्या बाजारात विकण्याची घरे बांधावीत आणि त्या नफ्यातून झोपडीवासीयांना विनामूल्य घर द्यावे. जमीन मोकळी करण्यासाठी गरिबांना उंच इमारतीत दाटीवाटीने रचले गेले. उंच इमारत म्हटली की उद्वाहन आले, पंप आला, वीजबिल आले. त्या देखभालीसाठी विकासकाने दर घरामागे २०,००० रुपये ठेवायचे आणि त्याच्या व्याजात खर्च भागवायचा, अशी तरतूद होती. सात मजल्यांच्या इमारतीचा उद्वाहनाचा आणि पंपाचा खर्च त्या व्याजात कसा भागावा, हे तरतूद लिहिणाऱ्यालाच ठाऊक. ज्यांचे महिन्याचे उत्पन्न चार-पाच हजार, त्यांनी वर्गणी थकवली की लिफ्ट बंद पडते, आणि लिफ्ट बंद पडली की इमारतीतील पहिला बळी वृद्ध माणसाचा जातो. तो जातो म्हणजे घर सोडून जातो. मग सर्वेक्षण होते आणि ‘मूळ लाभार्थी राहत नाही’ असा शेरा बसतो. शेरा खोटा नसतो. मात्र तो का बसला, हे लिहायला त्या कागदावर जागा नसते.

हे सर्व मान्य करूनही ६०० रुपयांचा प्रश्न शिल्लक राहत होता. महिन्याला ११,००० म्हणजे वर्षाला १,३२,००० रुपये. श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये होती. इमारतीची वर्गणी वजा केली तरी त्या मर्यादेच्या आसपासही हा आकडा येत नाही. मी आत्याला हा हिशेब सांगितला. तिने शांतपणे ऐकला आणि म्हणाली, ‘भाडं जावईबापूंच्या हातात जातं. घराला लागतं, त्यांचं काम सुटलंय. ते भाडं माझं नाही रे. सहाशे माझे. बँकेत मी जाते, अंगठा मी देते, आणि येताना नातीला काहीतरी आणते.’ मग थोड्या वेळाने तिने विचारले, ‘म्हणजे मी चोर झाले का?’

मला उत्तर देता आले नाही. वृद्ध स्त्रीच्या नावावर असलेली मालमत्ता आणि तिच्या हातात येणारा पैसा या दोन गोष्टींत किती अंतर असते, हे आपण स्त्रीमुक्तीच्या ठरावात लिहितो. पण अर्जाच्या नमुन्यात ‘कुटुंबाचे उत्पन्न’ असे एकच शीर्षक असते. कायद्याच्या दृष्टीने भाडे तिचेच होते. तिच्या दृष्टीने, स्वतःच्या हाताने खर्च करता येणारे एवढेच पैसे तिच्यापाशी होते.

परतीच्या गाडीत मी विचार करीत होतो तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली, आणि खरे सांगायचे तर तीच सांगण्यासाठी मी आज उभा आहे. २०१२ साली आत्याचा अर्ज कोणी भरला? मी भरला. शाखेच्या टेबलाशी बसून, माझ्या अक्षरात. त्या वेळी ती दोन घरी धुणीभांडी करीत असे आणि महिन्याला साधारण अडीच हजार रुपये मिळवीत असे. वर्षाचे झाले ३०,०००. उत्पन्नाच्या रकान्यात मी २०,००० लिहिले. तिने मला तसे सांगितले नव्हते. मी विचारलेही नव्हते. त्या दिवशी भरलेल्या बहुतेक अर्जांत तोच आकडा होता, आणि तो पाहून तलाठ्यापासून तहसील कचेरीपर्यंत कोणी भुवईदेखील उंचावली नाही. म्हणजे भाडेकरू येण्याच्या तीन वर्षे आधी पहिली खोटी नोंद झाली होती, आणि ती माझ्या लेखणीने झाली होती.

या मर्यादेचा अर्थ काय होतो, तो पाहा. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. दिवसाला अठ्ठावन्न रुपयेही नाहीत, आणि तेही सबंध कुटुंबाचे. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीवर दिवसाला २९७ रुपये मजुरी होती. ज्या बाईने शासनाच्याच कामावर शंभर दिवस माती उपसली, तिची कमाई झाली २९,७००. शासनाने स्वतः दिलेल्या मजुरीमुळे ती शासनाच्याच व्याख्येनुसार निराधार उरत नव्हती! वर्षानुवर्षे ही मर्यादा तशीच राहिली, महागाई मात्र तिच्यासाठी थांबली नाही. अशी अट पाळून जगता येत नाही. तिच्याखाली फक्त खोटे बोलता येते. आणि सर्वांनी खोटे बोलावे अशी सोय केली, की कोणाचे खोटे केव्हा उघडे करायचे हा अधिकार सत्तेच्या हाती आपोआप जातो. निराधार योजनेच्या तालुका समित्यांवर पालकमंत्र्यांच्या मर्जीतले अशासकीय सदस्य कशासाठी बसतात, हे आपणांपैकी ज्यांनी त्या कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

याचे ताजे उदाहरण लाडकी बहीण योजनेचे आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती. त्याच्या आधीच्या महिन्यांत अर्ज झपाट्याने मंजूर झाले आणि महिना १,५०० रुपये खात्यात पडू लागले. निवडणूक झाली, आणि २०२५ साली पडताळणी सुरू झाली. सुमारे २६ लाख खात्यांचे पैसे थांबवण्यात आले. त्यांत लबाडी करणारे होते, पुरुषांनी पैसे घेतल्याचीही प्रकरणे होती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मतदानापूर्वी ज्या भगिनी लाडक्या होत्या त्या मतदानानंतर संशयित कशा झाल्या, हा प्रश्न विचारला पाहिजे. नागरिकाचा ‘लाभार्थी’ झाला की त्याचे असेच होते. हक्क असलेल्याला कोणी संशयित म्हणत नाही. उपकार घेणाऱ्याला केव्हाही म्हणता येते.

हा रोग आपल्याकडेच आहे असेही नाही. नेदरलँड्समध्ये बालसंगोपनाचे अनुदान घेणाऱ्या हजारो पालकांवर कर खात्याने लबाडीचा खोटा शिक्का मारला, त्यांच्याकडून अवाढव्य वसुली केली, आणि अखेर जानेवारी २०२१ मध्ये त्या प्रकरणावरून तेथील सरकारला राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियात गणकयंत्राने वर्षाच्या उत्पन्नाची सरासरी काढून गरिबांना कर्जाच्या नोटिसा पाठवल्या. ती पद्धत बेकायदा ठरली आणि २०२३ साली चौकशी आयोगाने तिचे वाभाडे काढले. हरियाणात २०२२ साली कागदोपत्री मृत ठरवून निवृत्तिवेतन बंद केलेल्या १०२ वर्षांच्या एका गृहस्थाने आपण जिवंत आहोत हे दाखवण्यासाठी नवरदेवासारखी वरात काढली. आपण हसतो, पण त्या वयात रथात बसून कचेरीपर्यंत जाण्याची वेळ ज्याच्यावर आली त्याला विचारावे.

आता कोणी म्हणेल, आणि आमच्या शाखेत म्हटलेच, की बँकांचे हजारो कोटी बुडवणारे परदेशात मजेत राहतात आणि तुम्ही एका म्हातारीच्या ६०० रुपयांचा कीस काढता. टाळी मिळवणारे वाक्य आहे. पण साथींनो, हा युक्तिवाद मला मान्य नाही. बड्यांची चोरी आपल्या छोट्या खोट्याला पावती देत नाही. शिवाय गरिबांच्या योजनेतील प्रत्येक खोटी नोंद ही उद्या ती योजनाच गुंडाळू पाहणाऱ्याच्या हातातील दारूगोळा असते. सार्वजनिक पैशाची आच समाजवाद्याला इतरांपेक्षा अधिक असली पाहिजे, कारण सार्वजनिक या शब्दावरच आपले सारे उभे आहे. चुलतभावाचे एवढे म्हणणे बरोबर होते. त्याचे चुकले ते येथे, की त्याने सत्याला काठी केले.

मी अर्जावर सही केली नाही. त्यालाही तो पाठवू नकोस अशी विनंती केली आणि महिन्याची मुदत मागितली. आत्याकडे पुन्हा दोनदा गेलो. कायदा सांगितला, धाक घातला नाही. शेवटी तिनेच ठरवले की पैसे बंद करण्याचा अर्ज करायचा. ‘उद्या कोणी दारात येऊन बोललं तर पोरीच्या सासरी तोंड दाखवायला जागा नाही,’ असे तिचे कारण होते. मी मांडलेले तात्त्विक कारण तिला कितपत पटले होते याविषयी मला शंका आहे. कचेरीत गेलो तर कारकुनाला अर्ज कोणत्या गठ्ठ्यात घालावा हेच समजेना. मागण्याचे नमुने होते, सोडण्याचा नमुना नव्हता. ‘आजी, मिळतंय ते घ्या ना,’ असा सल्लाही त्याने दिला. आवक शिक्का घेऊन आम्ही परतलो. पैसे त्यानंतरही चार महिने येत राहिले. ते तिने काढले नाहीत. वसुलीची नोटीस आली नाही.

घराचा प्रश्न त्याहून कठीण होता. ती परत राहायला जाणार कशी? आमच्या शाखेने त्या इमारतीतील रहिवाशांना घेऊन लिफ्टचा प्रश्न हाती घेतला. वर्गणीचे हिशेब मांडले, थकलेले वीजबिल हप्त्यांनी भरले, दोन-तीन मोर्चेही काढले. २०१९ च्या मे महिन्यात लिफ्ट सुरू झाली आणि आत्या आपल्या घरी परतली. मला याचे समाधान आहे. पण ते निर्भेळ नाही. तो टॅक्सीचालक कुटुंबासह बाहेर पडला. मुलांची शाळा अर्ध्यावर सोडवून ते वसईच्या पुढे कोठेतरी गेले. त्याच्यासाठी कोणतीच योजना नव्हती, कारण १९७६ साली त्याच्या वडिलांची झोपडी या शहरात नव्हती. आम्ही एक बेकायदा गोष्ट कायदेशीर केली आणि तिची किंमत त्याने दिली. निघताना त्याने आत्याच्या पायांना हात लावला, असे ती सांगते. माझ्याशी तो बोलला नाही.

भाडे थांबल्यावर आत्याचे उत्पन्न खरोखरच शून्य झाले. म्हणजे आता ती त्या २१,००० च्या मर्यादेत प्रामाणिकपणे बसत होती. पुन्हा अर्ज केला, तर आधीचे प्रकरण ‘स्वतःहून बंद’ केलेले पाहून कचेरीला शंका आली. स्वतःहून पैसे नाकारणारी बाई गरीब कशी असेल? चौकशी लागली, पुढे टाळेबंदी आली, आणि मंजुरी २०२१ साली मिळाली. तोवर रक्कम १,००० झाली होती. २०२३ साली ती १,५०० झाली. मधली दोन वर्षे मुलीने आणि आम्ही भाच्यांनी मिळून भागवले. चुलतभावानेही आपला वाटा दिला, हे सांगितलेच पाहिजे.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. पैसे बंद करण्याच्या अर्जात ‘२०१२ साली उत्पन्नाचा आकडा चुकीचा नोंदवला गेला’ असे वाक्य घालावे, की तो आकडा मी, अमुक पक्षाचा कार्यकर्ता, लिहिला असे घालावे, यावर मी रात्रभर विचार केला. शेवटी त्यांपैकी काहीच घातले नाही. भाड्याचे उत्पन्न सुरू झाल्याने निवृत्तिवेतन नको, एवढेच लिहिले. दोष सगळा आत्याच्या नावावर राहिला. पक्षाची बदनामी होईल, त्या शिबिरातील इतर अर्जदारांची चौकशी लागेल, असे मी स्वतःला समजावले. इतरांची चौकशी लागली असती हे खरे आहे. पण मला माझ्या नावाची काळजी नव्हती असे मी म्हणू शकत नाही. हे आज येथे प्रथमच सांगत आहे.

आपली मागणी काय, ते आपणांस ठाऊक आहे. २०१२ साली बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांच्या पुढाकाराने पेन्शन परिषदेने दिल्लीत जंतरमंतरवर जे धरणे धरले, त्यात किमान वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन प्रत्येक कष्टकरी वृद्धाला मिळावे, ही मागणी होती. केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धामागे दरमहा २०० रुपयांवर २००६ पासून अडकून पडला, त्या पार्श्वभूमीवर ही मागणी अवास्तव मुळीच नाही. जो आयकर भरतो वा ज्याला नोकरीचे निवृत्तिवेतन मिळते तो वगळावा, बाकी सर्वांना द्यावे. दारिद्र्य सिद्ध करण्याची सक्ती नको. असे झाले तर आत्याचा जावई, तिचा भाडेकरू, तिचा गुडघा यांची चौकशी करण्याचे शासनाला कारण उरत नाही. तोपर्यंत मात्र अर्ज भरावे लागणार, आणि ते आपणच भरणार.

उद्या सकाळी साडेनऊला अर्ज भरण्याचे प्रात्यक्षिक आहे. खऱ्या अर्जदार बाया येणार आहेत, त्यांत काहींचे उत्पन्न मर्यादेच्या वर असणार. त्या रकान्यात काय लिहायचे, खरा आकडा लिहून अर्ज फेटाळला गेला तर त्या बाईला आपण काय देणार आहोत, आणि फेटाळलेले असे शंभर-दोनशे अर्ज घेऊन तहसीलदारांच्या दारात बसायची आपली तयारी आहे का, हे आज रात्रीच ठरवावे लागेल. चर्चेसाठी अर्धा तास ठेवला आहे. मला तो पुरेसा वाटत नाही. जेवणानंतर ज्यांना बसायचे असेल त्यांनी बसावे, मी आहे.